दचक

पद्मजा मगदूम नापास झाली, ही बातमी दिवस मावळायच्या आत सांगलीभर झाली. पंचेचाळिशीतल्या बाईला नापास व्हायला आता कुठली परीक्षा उरली, असं कुणी विचारेल. तर संचालकपदाची. मगदूम शीतगृह लिमिटेड या कंपनीची ती लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षापासून संचालक होती. हे तिला आपल्या रक्तगटाइतकंच ठाऊक होतं. कुणी विचारलं तर सांगायचं, एरवी त्याच्याशी आपला काही संबंध नाही.

यात तिचं काही चुकत होतं, असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. आपल्याकडे धंदेवाल्या घरात सून आली की तिला तोडे घालतात, तिच्या नावानं बँकेत खातं उघडतात, आणि कायद्याला तीन संचालक लागतात म्हणून तिसरं नाव तिचं लावून टाकतात. मग वर्षातून दोन-चारदा थोरले दीर कागदांची चळत घरी पाठवायचे. त्यांचं नाव बाहुबली, पण सगळं गाव त्यांना आण्णा म्हणायचं. कागदांवर पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या असायच्या. पद्मजा कणकेचे हात धुऊन यायची, फुलीवर सही करायची आणि परत पोळ्यांकडे वळायची. कागदात काय आहे असं विचारणं म्हणजे घरच्या माणसांवर अविश्वास दाखवणं. आपल्या घरांमध्ये एवढा चांगुलपणा आहे, म्हणून तर एवढे घोटाळे सुखानं होतात.

मग कायदा बदलला. एकापाठोपाठ एक कंपन्या बुडाल्या आणि कोर्टात उभा केलेला प्रत्येक संचालक एकच वाक्य बोलला, मी फक्त सही केली. त्यात कुणाची आई होती, कुणाचा ड्रायव्हर होता, एक निवृत्त प्राचार्यही होते. न्यायाधीश कंटाळले, सरकार कंटाळलं आणि बोध कायदा आला. तेव्हापासून संचालकाच्या सहीला किंमत उरली नाही. तिच्या जागी बोध-मुद्रा आली. समोरचा कागद तुम्हाला खरोखर समजला आहे असं यंत्रानं सांगितलं तर हिरवी, नाहीतर लाल.

आण्णांची पहिल्या झटक्यात हिरवी आली. पद्मजाच्या नवऱ्याची, अभिनंदनची, काही दिवसांनी आली. पद्मजाची लाल आली. इतकी लाल की मुद्रेच्या केंद्रातल्या मुलीनं तिच्या कानामागचा पट्टा नीट बसला आहे ना हे पुन्हा पुन्हा तपासलं.

मगदूमांकडे सूर्यास्ताच्या आत जेवतात. त्या दिवशीही जेवणं वेळेवर उरकली. हात धुऊन झाल्यावर आण्णा म्हणाले, “पद्मजा, कंपनी शेअर बाजारात न्यायची तर शेअर घेणाऱ्यांसाठीच्या माहितीपत्रावर तिघांची हिरवी मुद्रा पाहिजे. आता संचालक बदलायला गेलो तर सगळं पहिल्यापासून आलं. नवीन कोल्ड स्टोरेज अर्ध्यावर उभं आहे. तुला अजून एक संधी आहे. एकच.”

“मला त्यातलं काही कळत नाही, आण्णा.”

“तेच तर मशीननं सांगितलं,” अभिनंदन म्हणाला आणि हसला. आण्णा हसले नाहीत.

“शिकवणी लावू,” ते म्हणाले.

नव्या कायद्यानं एक धंदा मारला होता आणि दुसरा जन्माला घातला होता. विश्रामबागेत दहावी-बारावीच्या क्लासांच्या पाट्यांशेजारी ‘संचालक बोधवर्ग, हमखास हिरवी’ अशाही पाट्या लागल्या होत्या. पण मगदूमांच्या घरची बाई क्लासला कशी जाणार? म्हणून कोल्हापूरहून मुक्ता शिरगुप्पे घरी येऊ लागली. तिशीतली, फटकळ आणि चहाची शौकीन. पहिल्या दिवशी तिनं पुस्तक उघडलंच नाही.

“मॅडम, मी एक वाक्य म्हणते. तुम्ही काही करू नका, नुसतं ऐका. सकाळी उठले आणि चहात दोन चमचे वाळू घातली.”

पद्मजा हसली.

“हसायच्या आधी एक गोष्ट झाली. वाळू हा शब्द कानावर पडला आणि अर्ध्या सेकंदाच्या आत तुमच्या मेंदूत विजेची बारीकशी लाट उठली. आपला मेंदू नुसता ऐकत नाही, पुढचा शब्द आधीच धरून बसलेला असतो. तो साखरेला तयार होता आणि आली वाळू. मग तो दचकतो. ती लाट कानामागच्या पट्ट्यातनं मोजता येते. माणसाला ती मुद्दाम आणता येत नाही आणि दाबताही येत नाही.”

यंत्राची सगळी करामत या दचकण्यावर होती. ते संचालकाला कंपनीच्या कागदातली वाक्यं एकामागून एक ऐकवायचं. काही जशीच्या तशी, काही मुद्दाम बिघडवलेली. ज्याला कागद समजला आहे त्याचा मेंदू बिघडलेल्या वाक्यावर दचकणारच. ज्याला समजलेला नाही, त्याला साखर काय आणि वाळू काय, सगळं सारखंच. सरकारी नाव काहीही असो, लोक त्या यंत्राला दचकच म्हणायचे.

“तुमचा आलेख बघितला मी,” मुक्ता म्हणाली. “एकदम सपाट. कंपनीचं देणं दुप्पट करून सांगितलं, काही नाही. नफ्याचा तोटा केला, काही नाही. शेवटी कंपनी सिमल्याला आहे असं म्हटलं, तेव्हा जराशा हललात.”

पद्मजाला लाज वाटली आणि हसूही आलं. त्या हसण्यातच ती शिकायला लागली. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन ती या घरात आली होती. पानाच्या शिरा पाहून झाड ओळखणारी मुलगी होती ती एकेकाळी. आता तिला ताळेबंदाच्या शिरा दिसू लागल्या. पैसा कुठून येतो, कुठे मुरतो, कुठे नुसता आहे असं भासतं. दुपारच्या झोपेऐवजी ती माहितीपत्र घेऊन बसू लागली. एके दिवशी तर अभिनंदननं स्वतः चहा करून तिच्यासमोर आणून ठेवला आणि विचारलं, “नवीन स्टोरेजचं कर्ज जरा जास्त होतंय, नाही?” लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि नवऱ्यानं धंद्यातलं काही तिला पहिल्यांदाच विचारलं होतं. तिला फार बरं वाटलं.

“समजा, कागदातलंच वाक्य खोटं असलं तर?” तिनं एकदा मुक्ताला विचारलं. नुसती शंका म्हणून.

“यंत्राला खरं-खोटं कळत नाही, मॅडम. तुम्हाला काय खरं वाटतं तेवढंच कळतं. कागदातल्याच वाक्यावर तुम्ही दचकलात तर चौकशी लागते. का दचकलात, तुम्हाला काय ठाऊक आहे.”

“आणि मुद्रा घेण्याआधीच कळलं तर?”

“तर शेअर बाजाराच्या सरकारी नियामकाला कळवायचं. गप्प बसलात तर तुम्ही दोषी. आणि माहितीपत्र बाजारात यायच्या आधी नात्यातल्या कुणाच्या कानात सांगितलंत, तर सांगणारा दोषी आणि ऐकणाराही दोषी. चौकशीत त्यालाही पट्टा लावतात. त्याला ठाऊक असेल तर तो दचकतोच.” मुक्तानं कप खाली ठेवला. “पूर्वी न समजणं हा संचालकाचा आसरा होता. कायद्यानं तो काढून घेतला, एवढंच.”

समजल्यावर बघायची इच्छा होते. पद्मजा तासगाव रस्त्यावरच्या कोल्ड स्टोरेजला गेली. याआधी ती इथे फक्त उद्घाटनाला आली होती, आरतीचं ताट धरून. आता तिनं गोदामपाल रायगोंडाला सगळी चेंबर उघडून दाखवायला सांगितली. रायगोंडानं तिच्या अंगावर जाडजूड जाकीट चढवलं आणि पुढे चालू लागला.

बाहेर उन्हाळा तापला होता, आत हाडं गारठत होती. छतापर्यंत पेट्यांची थप्पी, प्रत्येक पेटीत बेदाणा. पहिल्या तीन चेंबरमध्ये पेट्यांवर शेतकऱ्याचं नाव, पावतीचा नंबर, सगळं चोख. भाडं भरायचं, पावती दाखवायची आणि माल न्यायचा. चार नंबर चेंबरमध्ये मात्र पेट्यांवर काहीच चिकटवलेलं नव्हतं.

आणि तिथे तिला मोर दिसला.

तिच्या माहेरचा ठसा होता तो. मणेराजुरीला तिच्या बाबांनी पत्र्यातून मोर कापून घेतला होता आणि चौगुल्यांच्या बागेतली प्रत्येक पेटी हिरव्या शाईनं तो मोर मिरवत बाजारात जायची. बाबा गेले. आता तिचा धाकटा भाऊ भरत तोच पत्रा वापरत होता.

“हा भरतचा माल ना? याला पावती कशी नाही?”

“चार नंबर म्हणजे सोयऱ्याधायऱ्यांचं चेंबर, वैनी,” रायगोंडा म्हणाला. “तुमच्या भावाचा माल हाय, आण्णांच्या व्याह्यांचा हाय, थोरल्या वैनींच्या माहेरचा हाय. ह्यांची पावती करत न्हाईत. एकदा म्या करून द्याय गेलो तर व्याही केवढं चिडले! आमच्यावर इस्वास न्हाई का म्हणाले.”

हे पद्मजाला नवं नव्हतं. सोयऱ्याला पावती द्यायची नसते आणि सोयऱ्यानं ती मागायची नसते. आहेर मोजून घेतल्यासारखंच ते. पण आदल्या दुपारीच तिनं माहितीपत्राचं एक पान पाठ केलं होतं आणि बरोबर आलं म्हणून मुक्तानं तिला शाबासकी दिली होती. चार नंबर चेंबरमधील बेदाणा हा कंपनीच्या स्वतःच्या मालकीचा साठा आहे.

ती त्या थंडीत उभी राहिली आणि तिला सगळं एकदम समजलं. नुसती भाड्यानं जागा देणारी कंपनी बाजाराला किरकोळ वाटते. स्वतःचा माल बाळगणारी कंपनी भारदस्त वाटते, तिचा शेअर चढा विकला जातो आणि त्या मालावर बँक कर्जही देते. मग उद्या काही बिनसलं तर बँक चार नंबरला कुलूप लावणार. ज्यांच्याकडे पावती आहे ते भांडतील. ज्यांच्याकडे नाही, त्यांचं काही नव्हतंच. आण्णांनी बरोबर त्यांचाच माल निवडला होता, ज्यांचा त्यांच्यावर सगळ्यात जास्त विश्वास होता.

“वैनी, ओठ काळं पडलं तुमचं. चला भाईर,” रायगोंडा म्हणाला.

अभिनंदन अंगणात गाडी पुसत होता. तिनं त्याला सरळच विचारलं. “अहो, चार नंबरमधला माल कुणाचा?”

“आपल्याकडेच आहे की.”

“आपल्याकडे आहे आणि आपला आहे, यात फरक आहे. शिकवणी तुम्हीच लावलीत मला.”

त्यानं फडकं पिळलं, वाळत घातलं, पुन्हा काढून पिळलं. मग म्हणाला, “शेअर विकले जाईपर्यंतचा प्रश्न आहे. पैसे आले की आपण खरोखरचा माल घेऊ आणि ज्याचा त्याचा परत जाग्यावर. कुणाच्या बेदाण्याचा एक मणीसुद्धा हलणार नाही.”

“मग हे वाक्य ऐकताना तुम्हाला दचक कशी आली नाही?”

त्याचा आवाज अगदी लहान झाला. “आण्णांना काही करावंच लागलं नाही. त्यांना खरंच वाटतं की सोयऱ्यांचा माल म्हणजे आपलाच. ते खोटं बोलतच नाहीत. मला मात्र करावं लागलं. रोज आंघोळ करताना म्हणायचो, चार नंबर आपलं, चार नंबर आपलं. आधी लाज वाटायची. मग नुसते शब्द उरले. मग एक दिवस आण्णांनी विचारलं चार नंबर कुणाचं, आणि मी विचार न करता म्हणालो, आपलं. दुसऱ्या दिवशी मुद्रा घेतली.” मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “तूही म्हण. सकाळी णमोकार मंत्र म्हणतेस ना, त्याच्यामागून.”

पद्मजाला त्याची किळस आली आणि दयाही आली. कुठली जास्त आली, हे तिला सांगता आलं नसतं.

आण्णांनी तर काही लपवलंच नाही. ते तिच्यासमोर बसले आणि शांतपणे म्हणाले, “तू दचकलीस तर चौकशी लागणार. मी आत जाणार, अभिनंदन आत जाणार. मग या घरात दिवा लावायला तुम्ही दोघी जावाच. तुला हे हवंय का, एवढाच प्रश्न आहे.”

नियामकाला कळवायचं म्हणजे नवऱ्याला स्वतःच्या हातानं तुरुंगात घालायचं. न कळवायचं म्हणजे भावाला बुडवायचं. भावाच्या कानात सांगायचं म्हणजे त्यालाही गुन्ह्यात ओढायचं. तिनं तिन्ही दारं पुन्हा पुन्हा ढकलून पाहिली. एकही उघडलं नाही. तेव्हा मनातल्या मनात तिनं भेकडाची पळवाट काढली. आपण कुणाला काही सांगायचं नाही. आपला मेंदू आपोआप दचकेल, यंत्र आपोआप पकडेल. मी काही केलं नाही, असं मला म्हणता येईल. म्हणजे इतके दिवस शिकून तिनं शेवटी ‘मी फक्त सही केली’ याचंच नवं रूप शोधून काढलं होतं.

घरात मात्र तालीम सुरू झाली. आण्णा जेवताना मुद्दाम म्हणायचे, “आपल्या चार नंबरचं तापमान ठीक आहे ना?” अभिनंदन म्हणायचा, “आपल्या चार नंबरला या वर्षी रंग छान आहे.” मोठ्या जाऊबाई, ज्यांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं, त्याही म्हणू लागल्या. एकदा बँकेचा माणूस आला आणि पद्मजा पाण्याचा पेला पुढे करत म्हणाली, “आमचं चार नंबर बघितलंत का?” पेला देऊन झाला, तो माणूस पाणी पिऊन झाला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. तिला स्वतःच्या जिभेची भीती वाटली.

मुद्रेच्या आदल्या दिवशी भरतचा फोन आला.

“ताई, यंदाचा माल शेडवरनं निघाला बघ. असा हिरवागार बेदाणा बाबांच्या टायमालाबी झाला नव्हता. उद्या टेम्पो भरून आणतोय तुमच्याकडं.”

“भरत,” ती म्हणाली. “या वेळी पावती करून घे.”

तो खदाखदा हसला. “पावती? तू हाईस की तिथं. तूच माझी पावती.”

मुद्रेच्या केंद्रात सगळं मऊ होतं. खुर्ची मऊ, पडदे मऊ, आवाजसुद्धा रेडिओवरच्या बाईचा, मऊ. केंद्रातल्या मुलीनं कानामागे पट्टा लावला, हनुवटीखाली आधार सरकवला आणि सांगितलं, “बोलायचं नाही, मॅडम. मान हलवायची नाही. काही करायचंच नाही.”

पद्मजाला तेच हवं होतं. तिनं डोळे मिटले. वाक्यं येऊ लागली. कंपनीची स्थापना, कंपनीची देणी, भाड्याचं उत्पन्न. तिला काहीही जाणवत नव्हतं. मुक्तानं सांगितलं होतं की ही लाट ज्याची त्याला कळत नाही. ती वाट बघत होती. येऊ दे ते वाक्य, एकदाचं येऊ दे. चार नंबर आलं. त्याच मऊ आवाजात आलं आणि पुढे गेलं. मग आणखी काही वाक्यं आली, त्यातलं एकही तिच्या डोक्यात शिरलं नाही. तिला एवढंच वाटत होतं की आता सुटले. आता हे यंत्रानं पकडलं असणार.

पट्टा निघाला. मुलीनं पडदा तिच्याकडे वळवला. तिथे हिरवं लागलं होतं.

“काय सुरेख रीडिंग आलंय!” मुलगी कौतुकानं म्हणाली. “मागच्या वेळच्या तुम्हीच का, असा प्रश्न पडला मला. हे बघा. ‘चार नंबरमधला बेदाणा कंपनीचा आहे’, इथे एकदम शांत. आणि पुढे आम्ही मुद्दाम वाक्य बिघडवलं होतं, ‘चार नंबरमधला बेदाणा इतरांचा आहे’. इथे बघा केवढ्यानं दचकलात!”

आलेखावर तो एकच टोकदार उंचवटा होता. पद्मजा त्याच्याकडे बघत राहिली. खऱ्या वाक्यावर दचकली होती ती. बाबांचा मोर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली, आणि तरीही.

“हे चूक आहे,” ती मोठ्यानं म्हणाली. “चार नंबर आमचं नाही. तो माझ्या भावाचा माल आहे. सोयऱ्यांचा आहे. लिहून घ्या.”

मुलगी गोंधळली. मग तिला सवयीचं उत्तर आठवलं. “बऱ्याच जणांना नंतर असं घाबरायला होतं, मॅडम. मुद्रा झाल्यावर तोंडी बोललेलं आम्हाला घेता येत नाही. कायद्यातच तसं आहे. माणूस तोंडानं काहीही बोलतो म्हणून तर हे यंत्र आणलं. तुमच्या मेंदूनं सांगितलंय ना, मग झालं.”

बाहेर अभिनंदन पेढे घेऊन उभा होता. आण्णा बाजारवाल्यांना भेटायला आधीच मुंबईकडे निघाले होते. अभिनंदननं पेढा तिच्या ओठांपाशी नेला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, सुटका होती. दोन बुडणारी माणसं एकाच फळीला लटकल्यावर जशी सुटका वाटते तशी. तिनं पेढा हातात घेतला आणि गाडीची किल्ली मागितली.

“कुठे चाललीस?”

“कोल्ड स्टोरेजला. भरत येतोय.”

रस्ताभर ती विचार करत होती. आता नियामकाचं दारही बंद झालं. खरं बोललं तर यंत्र आपल्याला खोटं ठरवणार. आणि खरं भरतला सांगितलं तर त्याच्याही कानामागे पट्टा लागणार आणि तो दचकणार. त्याचा माल वाचायला हवा आणि का वाचवला हे त्याला कधीही समजता कामा नये. मग आपल्या हातात राहिलं काय? फक्त तोंड. ज्या तोंडाच्या बोलण्याला आता कायद्यात काडीची किंमत नाही, ते.

फाटकाशी टेम्पो उभा होता. भरत खाली उतरून हमालांशी बोलत होता. तिला बघताच तो हसत पुढे आला. त्याच्या हातात फोन होता.

“ताई, अभिनंदनदाजींनी ग्रुपवर टाकलंय. हिरवी मुद्रा! आमच्या घरात आजवर कुणी असलं काय केलं न्हवतं. चल, फाटक उघडाय सांग.”

पद्मजानं फाटकाला आडवा हात लावला.

“हा माल आत घ्यायचा नाही.”

“का? जागा न्हाई?”

“जागा आहे. माल हलका आहे तुझा.” तिला वाटलं होतं, पुढचं सुचणार नाही. पण सुचत गेलं. “आतल्या पेट्या मी परवा बघितल्या. ओल धरलीय त्यांनी, डाग पडलेत. त्या बाकीच्या मालाला खराब करतील. आमची कंपनी आता बाजारात चाललीय, असला माल ठेवून आम्हाला नाव खराब करायचं नाही. हे घेऊन जा आणि आतलंही सगळं आजच्या आज घेऊन जा. बाकीच्या सोयऱ्यांनाही सांग. त्यांचाही असलाच आहे.”

हमाल थांबून बघू लागले. भरतचा चेहरा आधी नुसता कोरा झाला. मग हळूहळू लाल झाला.

“माझा माल डागी? ताई, तू शुद्धीवर हाईस का?”

“मी संचालक आहे इथली,” ती म्हणाली. “रायगोंडा, चार नंबर उघड. यांचा माल यांना मोजून दे.”

रायगोंडा चुळबुळला. “वैनी, आण्णांना इचारल्याबगर...”

“माझी हिरवी मुद्रा आहे. ग्रुपवर बघ. चार नंबरमध्ये काय आहे हे मला समजतं, असं सरकारनं लिहून दिलंय. उघड.”

त्यानं उघडलं. दुपारभर पेट्या निघत राहिल्या. भरतनं आणखी दोन टेम्पो बोलावले. तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही, पण फोनवर सगळ्यांशी बोलला. मगदूमांना आता सोयऱ्यांचा माल हलका वाटायला लागलाय. आमच्या ताईनं तोंडावर सांगितलं, हमालांच्या देखत. त्यांचं राहू दे त्यांच्यापाशी, या आणि आपापला माल घेऊन जावा. संध्याकाळच्या आत आण्णांच्या व्याह्यांची गाडी आली, मग थोरल्या जाऊबाईंच्या भावाची. पावतीची कुणालाच गरज पडली नाही. अपमान झाला म्हटल्यावर प्रत्येकाला आपली पेटी न् पेटी ओळखता आली.

अभिनंदनचा फोन वाजत होता, मग आण्णांचा, मग पुन्हा अभिनंदनचा. तिनं घेतला नाही. पुढे काय होणार हे तिला समजत होतं. मुक्तानं चांगलं शिकवलं होतं. माहितीपत्रात भरलेलं चेंबर तपासणीला रिकामं निघणार. तेव्हा तिघांच्याही मुद्रा समोर येतील, आणि तिची सगळ्यात स्वच्छ असेल. केवढ्यानं दचकलात, म्हणून त्या मुलीनं कौतुक केलेली. फक्त सही केली, असं तिला आता कुठल्याच कोर्टात म्हणता येणार नव्हतं.

शेवटचा टेम्पो निघाला तेव्हा भरत फाटकापाशी थांबला. चार नंबरच्या पेट्यांमधली एक त्यानं मुद्दाम फोडली होती. मूठभर बेदाणे त्यानं तिच्यासमोर धरले. लांब, हिरवे, काचेसारखे स्वच्छ. एकावरही डाग नव्हता.

“बघ,” तो म्हणाला. “माल हलका न्हाई, हे तुलाबी ठावं हाय. मोठ्या घरची झालीस तू. एवढंच सांगायचं होतंस, आम्ही आपलं आपण नेलं असतं.”

तिनं मान खाली घातली. एक वाक्य ओठांशी आलं होतं. ते बोललं तर तो भाऊ म्हणून परत मिळणार होता, आणि गुन्हेगार म्हणून अडकणार होता. तिनं ते गिळलं.

“बाबांच्या मोराला डागी म्हणालीस, ताई,” भरत म्हणाला आणि टेम्पोत चढला.

पद्मजा दचकली. इतकी, की तिला फाटकाचा गज धरावा लागला.